खिल्लारे मॅडमच्या टाचण्या

खिल्लारे मॅडमनी पहिल्याच दिवशी मला मारलं.

मी त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. जागेच्या टंचाईपायी प्राणिशास्त्र आणि आम्ही एकाच स्टाफरूममध्ये कोंबलेले. माझ्या टेबलावर काडीपेक्षा बारीक, निळसर असा एक किडा येऊन बसला. त्याला झटकायला मी हजेरीपट उचलला, तोच मनगटावर लाकडी पट्टी सपकन बसली. मी किंचाळलो. किडा उडून ट्यूबलाइटवर जाऊन बसला. पट्टी हातात धरून समोर एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

"टाचणी हाय ती," त्या म्हणाल्या. "हात उचलायच्या आधी समोर कोण हाय ते बघावं माणसानं. नवे का तुम्ही? झाडपाल्याचे?"

मी पुराणिक, असं सांगितलं. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पालापाचोळा सर' झालो. मनगटावरचा वळ दारात हात अडकला म्हणून घरी खपवला.

पुढं काही वर्षांनी त्यांच्याविषयी शहरात जे बोललं गेलं ते पुष्कळांना आठवत असेल. अजूनही जुने सहकारी भेटले की त्यांचं नाव निघतं आणि कोपरखळ्या सुरू होतात. मला त्या कोपरखळ्यांचा मनस्वी राग येतो. खरं काय घडलं ते मला आणि एका मुलीला ठाऊक आहे. त्या मुलीचे वडील आता राहिले नाहीत, ती स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि "सर, आता लिहा" असं तिनंच मला सांगितलं. तिचं नाव मी बदललंय. मॅडमचंही बदललंय, पण ओळखणारे त्यांना पट्टीवरूनच ओळखतील.

मॅडमचा हात फार चालायचा. खडू, डस्टर, पट्टी, जाळीचा दांडा, जे हाताला लागेल ते. प्राचार्यांनी एकदा बोलावून सांगितलं की मॅडम, आता काळ बदललाय, मुलांना हात लावायचा नाही, कायदा आहे. मॅडम म्हणाल्या, "द्या मग कायद्याचं पुस्तक. जाडजूड असंल तर त्यानंच हाणते." गंमत अशी की पोरं कधी तक्रार करायची नाहीत. उलट दुसऱ्या वर्गातली पोरं त्यांच्या तासाला दारात गर्दी करायची. आज कोण सापडतंय ते बघायला येतात, असं मला आधी वाटायचं. मग एकदा मीही दारात उभा राहिलो आणि घंटा झालेली मला कळली नाही.

त्यांचा समोरचा एक दात नव्हता. हसल्या की ती फट दिसायची आणि त्या ती झाकायच्या नाहीत. एका मुलीनं भाबडेपणानं विचारलं, "मॅडम, तुमचा दात कशानं पडला?"

"लग्नानं," मॅडम म्हणाल्या.

वर्गात हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. पुढं म्हणाल्या, "त्याचा उजवा हात म्या मुसळानं मोडला. डावा ठिवला शाबूत, भाकरी थापून खाया. मग गेला त्यो. बसा खाली. वही काढा." नवऱ्याविषयी इतकंच. त्या गावाकडून एका पेटीनिशी शहरात आल्या, विहाराशेजारी खोली घेतली, राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि कॉलेजात लागल्या. हे त्यांनी मला कधी बसून सांगितलेलं नाही. वेगवेगळ्या शिव्यांमधून तुकड्यातुकड्यानं कळलं.

टाचणी म्हणजे चतुराची धाकटी बहीण म्हणा. चतुर बसला की पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा मिटून पाठीवर ठेवते. अंग टाचणीसारखंच, म्हणून नाव टाचणी. या नावानं एकदा मोठा गोंधळ घातला. मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं: 'उद्या येताना प्रत्येकाने दोन टाचण्या आणाव्यात, एक नर, एक मादी.' पहिल्या वर्षाची नवी तुकडी. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गुलमंडीवरच्या दुकानातून टाचण्यांच्या डब्या घेऊन हजर. नर-मादीचं काय करायचं हा प्रश्न एका हुशार पोरानं सोडवला होता. त्यानं रंगीत डोक्याच्या टाचण्या आणल्या, निळ्या डोक्याची नर आणि गुलाबी डोक्याची मादी, आणि तशा चिठ्ठ्याही लावल्या.

मॅडमनी ती डबी हातात घेतली. डबी भिंतीवर फुटली आणि टाचण्या सगळ्यांच्या डोक्यांवर पडल्या. मग त्यांनी त्या पोराला कॉलर धरून फळ्याशी आणलं.

"गुलाबी म्हणजे बाई, व्हय रं? कुणी सांगितलं तुला? तुझ्या आईनं निळं लुगडं नेसलं की तिला बाबा म्हणतो का तू?"

त्या दिवशी त्यांनी नुसत्या रंगावर तासभर शिकवलं. आमच्या तलावांवर सर्रास दिसणारी एक टाचणी आहे. नराची छाती हिरवट-निळी, पाठ काळी, शेपटाच्या टोकाजवळ चमकदार निळा ठिपका. मादी एरवी मळकट, कोवळेपणी नारिंगी. इथवर सोपं. पण काही माद्या हुबेहूब नराचा रंग घेऊनच येतात, तोच हिरवा-निळा, तोच ठिपका. "का?" असं विचारून मॅडम थांबल्या. "नरांच्या जाचानं," त्या म्हणाल्या. "तळ्यावर एक मादी आली की चार नर मानगुटीवर. खाऊ देत नायत, अंडी घालू देत नायत. मग तिनं काय करावं? ती त्याचाच रंग ल्याली. नर लांबून बघतो, म्हणतो हा तर आपलाच गडी. जातो निघून. म्हणून सांगते, रंगावर जाऊ नका. उचलून उलटी करा. शेपटाच्या टोकाला चिमटा दिसला की नर. टोकाच्या अलीकडं, खालच्या अंगाला फुगीर, करवतीसारखं अवजार दिसलं की मादी. अंडी घालायला पाण्यातलं देठ चिरती ती त्यानं."

तो चिमटा कशाला असतो हे त्या हर्सूलच्या तलावावर दाखवायच्या. सहल म्हणजे सकाळी उन्हाच्या आत निघायचं, पँट गुडघ्यापर्यंत, गवतात विंचू असला तरी थांबायचं नाही. मीही जायचो, पाणवनस्पतींच्या नावाखाली. मॅडम दोन बोटांच्या चिमटीत टाचणीचे मिटलेले पंख अलगद धरायच्या. पट्टी मारणारा हात तोच, यावर बघूनही विश्वास बसायचा नाही. दाखवून झालं की सोडून द्यायच्या. मेलेली टाचणी रंग टाकते, मग काय कपाळ बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

"बघा, धरलं त्यानं तिला," त्या पाण्याकडे बोट करायच्या. नरानं शेपटाच्या चिमट्यानं मादीची मान पकडलेली. "आता ती सुटत नाय. आधी दुसऱ्या कुणाचं बी तिच्या पोटात असंल तर ते खरवडून काढंल, मग आपलं टाकंल. तुमच्या त्या वहीत बदामाचं चित्र काढता ना? असाच बदामाचा आकार होतो दोघांचा. लोक फोटो काढतेत. काय प्रेम म्हणतेत." आणि मग त्या थुंकायच्या. एकदा एका मादीनं लहानशा नराला पकडून डोक्याकडून खायला सुरुवात केली. पोरी शहारल्या. मॅडम मात्र गवतात मांडी घालून बसल्या आणि ती पुरती खाऊन होईपर्यंत उठल्या नाहीत.

त्या पोरींमध्ये सोनाली होती. गंगापूरकडच्या एका गावातली, बारीक अंगाची, कमी बोलणारी. उन्हाळ्यात इथल्या सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, अंगात पांढरा सनकोट घालतात, नुसते डोळे उघडे. कोण कोण ते स्कार्फाच्या रंगावरून ओळखायचं. सोनालीचा स्कार्फ जांभळा आणि स्कूटी काळी. मॅडमच्या प्रश्नाला पहिलं उत्तर नेहमी त्या जांभळ्या स्कार्फाआडून यायचं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. मॅडमनी सकाळीच तलावावरून ताजी टाचणी आणून बरणीत ठेवलेली. ओळखा, नर की मादी? निळा ठिपका बघून सगळ्यांनी नर लिहिलं. सोनालीनं मादी लिहिलं. परीक्षकांनी बरणीकडे लांबूनच एक नजर टाकली आणि तिच्या उत्तरावर भलीमोठी फुली मारली. सोनाली म्हणाली, "सर, उलटी करून बघा ना." परीक्षक म्हणाले, "मला शिकवतेस का?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मॅडम तिथं कधी पोचल्या ते मला दिसलंच नाही. परीक्षकांच्या मानेवर मागून हात पडला आणि त्यांचं डोकं भिंगावर टेकलं. दुसऱ्या हातानं मॅडमनी टाचणी बरणीतून काढून भिंगाखाली धरली.

"बघा सर. शेपटाच्या खाली. काय दिसतंय?"

"मॅडम, माझी मान..."

"मानेचं मग बघू. काय दिसतंय?"

"फु-फुगीर आहे काहीतरी."

"अंडी घालायचं अवजार हाय ते. नराला असतं का? तुम्हाला हाय का?"

परीक्षकांनी फुली खोडली. चार दिवसांनी तक्रार आली, प्राचार्यांनी माफीपत्र मागितलं, मॅडमनी दिलं नाही, आणि प्रकरण कुठल्याशा फायलीत निजलं. सोनाली मात्र त्या दिवसापासून मॅडमची झाली. डबा त्यांच्याजवळ बसून खायची. त्यातूनच मॅडमना तिच्या घरचं कळलं, आणि मॅडमकडून मला.

सोनालीला एक आतेभाऊ होता, दत्ता. वाळूजच्या कारखान्यात कामाला. मामाच्या पोरीवर आतेभावाचा हक्क, ही आमच्याकडची जुनी समजूत. सोनाली पाळण्यात असतानाच आत्यानं शब्द टाकला होता आणि सोनालीचे वडील, अण्णा, बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते. सोनालीला दत्ता नको होता. तिला पुढं शिकायचं होतं. रडून भेकून तिनं अण्णांकडून एवढंच पदरात पाडून घेतलं की बी.एस्सी. होईपर्यंत लग्नाचं बोलायचं नाही. पण त्याला अट होती. "कॉलेजात तुझ्या नावाचा एक शब्द जरी गाजला ना, त्याच दिवशी घरी. आन् त्याच आठवड्यात हळद," अण्णांनी सांगून ठेवलं होतं. दत्ताला ही अट ठाऊक होती. तो तेवढ्यावरच टपलेला. फोन करायचा, वाटेत आडवा यायचा, आणि मुद्दाम लोकांसमोर आवाज चढवायचा. एकदा त्यानं तिचा दंड असा पिरगळला की पाचही बोटं काळीनिळी उमटली. तिनं उन्हाळाभर सनकोट काढला नाही.

"पोलिसात जाऊ," मी म्हणालो.

"जा," मॅडम म्हणाल्या. "पोलीस अण्णाला बोलावतील. अण्णा तिला घेऊन जाईल. दत्ता मांडवात उभाच हाय. लई शहाणे तुम्ही."



शेवटच्या परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते. दुपारी मी काहीतरी मागायला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो तर सोनाली स्टुलावर फोन मुठीत धरून बसली होती. दत्ताचा फोन आला होता. तो फाटकासमोरच्या रसवंतीपाशी उभा आहे, ती बाहेर आली तर सोबत नेणार, नाही आली तर आत येऊन वर्गावर्गात तिच्या नावानं बोंब मारणार. म्हणजे दोन्हीकडून तिचं शिक्षण संपलंच. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, खिडकीतून फाटक दिसतं. मी डोकावलो. तो होता. पाठीला सॅक, हातात रसाचा ग्लास, नजर फाटकावर.

मॅडमनी फार विचार केला असं मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यात तेव्हा दोन कानफटात देऊन यायचं, एवढंच असावं.

"काढ तो स्कार्फ," त्या सोनालीला म्हणाल्या. "कोट बी काढ. चावी कुठंय?"

"मॅडम, तो लई वाईट आहे."

"म्या काय चांगली हाय का?"

कोट त्यांना खांद्यात बसेना, शिवण उसवली. स्कार्फ त्यांनी चेहऱ्याला असा गुंडाळला की नुसते डोळे राहिले. मी विचारलं, हे सोंग कशाला? सरळ जाऊन दोन लगावा.

"म्या गेले तर पळंल त्यो, आन् उद्या परत येईल. जवळ येऊ द्या ना त्याला. रंग बघून येणारी जात हाय ही." दारातून वळून त्या म्हणाल्या, "पालापाचोळा, आतनं कडी लावा. काय बी झालं तरी हिला खाली सोडायचं नाय. फाटकावर हिचं नाव निघालं नाय पायजे."

मी कडी लावली.

काळी स्कूटी फाटकातून बाहेर पडली. दत्तानं ग्लास ठेवला, सरळ रस्त्यात येऊन हँडल धरलं आणि दुसऱ्या हातानं स्कार्फ ओढला. वरून आम्हाला मॅडमचे पांढरे झालेले केस दिसले आणि दत्ता एक पाऊल मागं सरकलेला दिसला. मॅडम काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. हात मात्र दिसला. मुस्काटात बसल्याचा आवाज वर खिडकीपर्यंत आला, याची मी खात्री देतो. दुसरी बसली तेव्हा रसवंतीवरची माणसं हसली. मला वाटतं त्या हसण्यानंच घात केला. दत्तानं सॅकमध्ये हात घातला आणि ऊस तोडायचा कोयता बाहेर काढला.

पहिला वार मॅडमनी हातावर घेतला, उजव्या. रक्त इतकं उडालं की पांढरा कोट एका क्षणात लाल झाला. माझ्याशेजारी सोनाली ओरडायला लागली, मी तिचं तोंड दाबलं. ती माझ्या हाताला कडकडून चावली, मी सोडलं नाही. खाली दत्तानं पुन्हा कोयता उगारला. दुसरं कुणी असतं तर मागं पळालं असतं. मॅडम त्याच्या अंगावर गेल्या. डोकं त्याच्या तोंडावर आपटलं, त्याचं मनगट दातांत धरलं आणि कोयता पडेपर्यंत सोडलं नाही. तो खाली पडला तशा त्या छातीवर बसल्या आणि डाव्या मुठीनं मारत सुटल्या. नाकावर, तोंडावर, डोळ्यावर. उजवा हात बाजूला लोंबत होता, त्यातून धार लागलेली. हसणारी माणसं आता ओरडत होती. रसवंतीवाल्यानं आणि वॉचमननं मिळून त्यांना मागं ओढलं, तर त्यांनी वॉचमनलाही एक ठेवून दिली.

मी वर उभा राहून हे सगळं बघत होतो आणि एका मुलीचं तोंड दाबून धरलं होतं. याहून अवघड काम मी जन्मात केलेलं नाही.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्यांच्या शिरा तुटल्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की हात राहील, पण चिमूट मिटणार नाही. हे ऐकल्यावर मात्र मॅडम रडल्या. तोंड भिंतीकडे करून, उशी तोंडात धरून रडल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण जयभीमनगरातल्या त्यांच्या शेजारणी अजून पोचायच्या होत्या आणि त्यांच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

मग फौजदार जबाब घ्यायला आले. तरुण, सभ्य माणूस.

"मॅडम, मुलगा तुमच्या ओळखीचा आहे का? तो म्हणतो गाडी धडकली म्हणून भांडण झालं."

मला वाटलं आता सोनालीचं नाव येणार. दुसरा मार्गच नव्हता. अनोळखी म्हणावं तर स्कूटी कुणाची, स्कार्फ कुणाचा, हे निघणार.

"ओळखीचा हाय," मॅडम म्हणाल्या. "गाडी म्या एका पोरीची मागून घेतली होती."

"कसली ओळख?"

मॅडम छताकडे बघत राहिल्या. "होती. वर्षभर होती. म्या तोडली. म्हणून आला."

फौजदारांनी पेन थांबवलं. त्यांनी मॅडमचे पांढरे केस, दाताची फट, एकदा नीट पाहून घेतलं. "म्हणजे... तसली ओळख?"

"तसलीच. लिव्हा."

ते गेल्यावर मी पलंगाशी आलो. "मॅडम, अहो काय केलंत हे?"

"त्याची आई अण्णापुढं पदर पसरून बसली हाय ना? आता पसरू दे. म्हाताऱ्या बाईच्या नादी लागलेल्या पोराला कोण बाप देतो पोरगी?"

"पण तुमचं नाव? उद्या पेपरात येईल. गावभर होईल."

"पालापाचोळा," त्या म्हणाल्या, "मला काय आता मागणी येणार हाय?"

आणि फट दाखवून हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसं म्हणाल्या, "रडू नका. पट्टी नाय माझ्याजवळ."

व्हायचं ते झालं. पेपरात आलं, फोनाफोनांवर फिरलं. पन्नाशीची बाई आणि पंचविशीचा पोरगा, शहराला महिनाभर चघळायला पुरलं. कॉलेजात दत्ताची आई येऊन ऑफिसच्या पायरीवर छाती बडवून गेली, "माझं लेकरू गुणाचं हो, या सटवीनं भुलवलं!" जी पोरं मॅडमच्या तासाला दारात गर्दी करायची, त्यातल्याच कुणीतरी स्वच्छतागृहाच्या भिंतीवर चित्र काढलं. ते मी स्वतः पुसलं. दत्तानंही पोरीचं नाव काढलं नाही. गाडी धडकली, हेच वकिलानं त्याला पढवलं होतं; पोरीला अडवायला आला होता असं निघालं असतं तर गुन्हा आणखी जड झाला असता. संस्थेनं मॅडमना बोलावून सांगितलं की आपणहून नोकरी सोडा, नाहीतर चौकशी लावू. चौकशीत गाडीची मालकीण साक्षीला येणार हे मॅडमना कळत होतं. त्यांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात सही केली.

आणि झालं मॅडमच्या मनासारखंच. अण्णा मला येऊन भेटले. धोतर, टोपी, हात जोडलेले. "सर, दत्याचा विषय म्या संपवला. अक्काला तोंडावर सांगितलं, तुझ्या पोराला माझी पोरगी नाय. पोरीचे पेपर होऊ द्या. पुढं शिकायचं म्हणती, शिकू द्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण त्या बाईची सावली पडू देऊ नका सर तिच्यावर. तुमच्या भरवशावर ठिवतो."

मी मूग गिळून मान हलवली. त्या काळात सोनाली रोज माझ्या घरी, गारखेड्यात, येऊन अभ्यास करायची आणि मध्येच पुस्तक मिटून म्हणायची, "सर, मी अण्णांना सांगून टाकते." मी म्हणायचो, पेपर होऊ दे.

पहिल्या पेपरच्या दिवशी मॅडम कपाटाच्या किल्ल्या द्यायला कॉलेजात आल्या. त्यांनी मुद्दाम तो दिवस निवडला असेल असं मला वाटत नाही, पण खात्रीही देत नाही. उजव्या हाताला अजून पट्ट्या होत्या. व्हरांड्यात मुलं घोळक्यानं उभी होती. मॅडम दिसल्या तशी कुजबुज झाली, कुणीतरी शीळ घातली. मॅडमच्या जबड्याची हालचाल मला दिसली. त्या थांबल्या नाहीत.

समोरून अण्णा सोनालीला सोडायला येत होते. जिन्यापाशी तिघं समोरासमोर आले. अण्णांनी मुलीला स्वतःच्या मागं ओढलं आणि मॅडमच्या पायाशी थुंकले.

"लाज नाय वाटत," ते म्हणाले, "लेकराच्या वयाच्या पोराचं वाटोळं केलं. वर तोंड घेऊन आली इथं."

मॅडम खालच्या थुंकीकडे बघत होत्या. मी जिन्यावर होतो, मला सोनालीचा चेहरा दिसला, आणि मला कळलं की ही आता बोलणार. तिनं अण्णांचा हात झटकला. "अण्णा, मॅडमनी तर माझ्या..."

पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत मॅडमचा डावा हात फिरला. थोबाडीत अशी बसली की सोनाली भिंतीवर जाऊन आदळली. ओठ फुटला.

"मोठी माणसं बोलायली तिथं तोंड घालती?" मॅडम गरजल्या. "पेपर हाय ना तुझा? घंटा झाली ना? जा आत!"

अण्णा त्यांच्या अंगावर धावले, मी मध्ये पडलो. वॉचमन आला. कुणीतरी म्हणालं, "बाईला वेड लागलंय." सोनालीनं ओठावर हात धरला होता आणि ती मॅडमकडे बघत होती. मॅडम तिच्याकडे बघत नव्हत्या. मग ती वळली आणि वर्गात गेली.

"बघितलं ना सर?" अण्णा म्हणाले. "ही असली बाई."

मी म्हणालो, "बघितलं."

मी वर्गात जाऊन सोनालीला पाण्याचा ग्लास दिला. तिचा रुमाल लाल झाला होता, पण तिनं पेन हातात घेतलं होतं. खिडकीतून फाटकाबाहेरचा रस्ता दिसत होता. मॅडम तो ओलांडून पलीकडं गेल्या होत्या आणि रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. डाव्या हाताचा पंजा त्या पदराला पुसत होत्या. रिक्षा आली, थांबली, निघून गेली. त्या पुसतच होत्या.